पोरगं कुठल्या गावचं हे भाडेकरारावरून ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रणजी खेळाडूंनी राज्य बदलण्यावरून आपल्याकडे मध्यंतरी बरीच चर्चा झाली, यशस्वी जयस्वालने २०२५ च्या एप्रिलमध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला एनओसी मागितली आणि महिन्याभरात अर्ज मागे घेतला, त्याच्या आधी अर्जुन तेंडुलकर गोव्याला गेला होता, पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे आला. तेव्हा सोशल मीडियावर एक वाक्य सारखं दिसायचं, की आजच्या काळात कसली आलीय गावाची नि राज्याची निष्ठा, खेळाडू जिथे चान्स मिळेल तिथे जाणारच. क्रिकेटपुरतं मला ते पटतं पण, कारण तिथे करिअर आहे, पैसा आहे, दरवर्षी नवीन पोरं रांगेत उभी आहेत. पण मी राहते त्या आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा एक अख्खा खेळ याच निष्ठेवर उभा आहे आणि १४० वर्षं झाली तरी टिकून आहे, आणि त्याच निष्ठेच्या नियमात गेल्या वर्षी आमचा मुलगा अडकला, म्हणून हे पत्र लिहायला बसले. मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी मूळची कुडाळची, लग्नानंतर आयर्लंडला आले त्याला आता चौदा वर्षं झाली. मिस्टर फार्मा कंपनीत आहेत. आम्ही मुन्स्टर प्रांतात राहतो आणि मुन्स्टर म्हणजे हर्लिंगचं माहेरघर. ज्यांनी हर्लिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अ‍ॅशच्या झाडाची, टोकाला चपटी पसरट अशी काठी असते, तिला हर्ली म्हणतात, चामड्याचा लहान कडक बॉल असतो तो स्लिटर, एका टीमला १५ जण, इंग्रजी एच अक्षरासारखे गोलपोस्ट, आडव्या बारच्या वरून मारला तर १ पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर गोल म्हणजे ३ पॉइंट. धावता धावता काठीच्या टोकावर बॉल तोलून धरतात, मधेच उडवतात आणि ७०-८० मीटरवरून मारतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोळेच मिटले होते, आता हेल्मेट तरी आहे, ते २०१० पासून सगळ्यांना सक्तीचं झालं.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. काउंट्यांची आपसात ऑल-आयर्लंड कपसाठी स्पर्धा असते, तिची फायनल डब्लिनच्या क्रोक पार्कवर होते, ८२,३०० माणसं बसतात, तिकिटासाठी लोक ओळखीपाळखी काढतात, आणि आत मैदानात जे पळत असतात त्यातल्या एकालाही पगार नाही. प्रवासाचा खर्च मिळतो, सरकारची थोडी ग्रँट मिळते, बस्स. कोणी शाळेत शिकवतो, कोणी पोलिसात आहे, कोणाची डेअरी आहे. लिमरिक काउंटीने २०१८ ला ४५ वर्षांनी कप जिंकला आणि मग २०२० ते २०२३ सलग चार वर्षं जिंकला, त्या टीमचे मॅनेजर जॉन कायली हे एका शाळेचे प्रिन्सिपल. किलकेनीला ११ वेळा कप जिंकून देणारे ब्रायन कोडी, तेही प्राथमिक शिक्षक होते. म्हणजे रविवारी ८० हजार लोकांसमोर आणि मग पुन्हा वर्गात. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटतो, आमचा काही संबंध नसताना.

आता पैसा नाही म्हटल्यावर माणूस खेळतो कोणासाठी, तर गावासाठी. १ नोव्हेंबर १८८४ ला टिपरेरीतल्या थर्लस गावात हेज हॉटेलमध्ये काही माणसं जमली आणि जीएए म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही आयरिश खेळांची संस्था काढली, तेव्हापासून क्लब म्हणजे साधारण एका चर्चच्या हद्दीतलं गाव, ज्याला पॅरिश म्हणतात, आणि क्लबांची मिळून काउंटी. रूलबुकात सरळ लिहिलेलं आहे की खेळाडू हा कायम आपल्या होम क्लबचा आणि होम काउंटीचा मानला जाईल. होम क्लब म्हणजे ज्या क्लबकडून तो पहिल्यांदा रीतसर खेळला तो. क्लब बदलायचा तर ट्रान्सफर मागायची, कारण द्यायचं, तिकडे खरंच राहतोय हे दाखवायचं. बऱ्याच काउंट्यांत याशिवाय पॅरिश रूल आहे, म्हणजे ज्या पॅरिशमध्ये घर त्याच क्लबकडून खेळायचं, शेजारचा क्लब कितीही भारी असला तरी. म्हणून मग असं होतं की जगातला सगळ्यात चांगला हर्लर एखाद्या कमजोर काउंटीत जन्मला तर तो आयुष्यभर त्याच काउंटीकडून हरत राहतो, किलकेनीचा ३६ कपांचा दबदबा आहे म्हणून तिकडे जाऊ असं होत नाही. लोक असे खेळाडू नावानिशी लक्षात ठेवतात, कप न मिळालेले, आणि त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो.

गंमत म्हणजे मॅनेजरला हा नियम नाही. हेन्री शेफ्लिन हा किलकेनीचा देवमाणूस, खेळाडू म्हणून १० मेडल्स, तो २०२१ ला गॉलवेचा मॅनेजर झाला आणि २०२२ च्या मे महिन्यात गॉलवेने किलकेनीला एका पॉइंटने हरवलं तेव्हा त्याचे जुने गुरू कोडी यांच्याशी जे हस्तांदोलन झालं ते इतकं थंड होतं की आमच्या गावात महिनाभर तोच विषय. लोकांना वाईट वाटलं ते त्यामुळेच. इथे काउंटी बदलणं ही नोकरी बदलण्यासारखी गोष्ट धरतच नाहीत.

आपल्या कोकणातल्या माणसाला हे लगेच कळेल. आपला चाकरमानी परळला नाहीतर नालासोपाऱ्याला राहतो, पण गणपतीला गावी, पालखीला गावी, आणि त्याला कोणी विचारलं गाव खंयचा तर तो नालासोपारा सांगत नाही. इथे तसंच आहे, डब्लिनमध्ये नोकरी करणारी पोरं आठवड्यात दोनदा ऑफिस सुटल्यावर दीड-दोन तास गाडी चालवून आपल्या काउंटीत प्रॅक्टिसला जातात आणि रात्री परत येतात, ट्रेनिंग ग्राउंडच्या पार्किंगमध्ये बॉनेटवर डबा ठेवून जेवणारी पोरं मी स्वतः पाहिलीत. कोणाला नाहीच जमलं, कायमचाच डब्लिनला राहिला, तर त्यालाही रस्ता आहे. रायन ओ'ड्वायर टिपरेरीचा, टिपरेरीकडून खेळलेला, डब्लिनला शिक्षक म्हणून राहिला, तिथल्या क्लबात गेला आणि डब्लिनकडून खेळला, २०११ ला डब्लिनने लीग जिंकली आणि २०१३ ला ५२ वर्षांनी लेन्स्टर प्रांताचा कप, त्यात तो होता. तिथे राहत होता, तिथल्या पोरांना शिकवत होता, म्हणून तो त्यांचा झाला. मला यात काही चूक दिसत नाही.

चूक कुठे होते त्याचंही उदाहरण आहे, तेही सांगायला हवं. २०१२ मध्ये कॅव्हन काउंटीचा शॉनी जॉन्स्टन, हा गेलिक फुटबॉलचा, म्हणजे जीएएच्याच दुसऱ्या खेळाचा खेळाडू, हर्लर नव्हेच, त्याला किल्डेअरकडून खेळायचं होतं. किल्डेअरच्या क्लबात ट्रान्सफर मिळवण्यावरूनच महिनोन् महिने वाद, आणि शेवटी काउंटीसाठी उतरायच्या आधी क्लबची चॅम्पियनशिप मॅच खेळलेली असायला हवी अशी अट आड आली. मग काय केलं, तर त्याला कोल दुव नावाच्या क्लबच्या हर्लिंग मॅचमध्ये उतरवलं, जेमतेम टेकवलं आणि बाहेर काढलं. अट पूर्ण. त्यानंतर तो किल्डेअरकडून उतरला तो नेमका कॅव्हनविरुद्ध, कॅव्हनच्याच मैदानावर, आणि एक पॉइंटही मारला. पुढे काही वर्षांनी तो परत कॅव्हनकडून खेळला. मला त्या पोराचा राग नाही येत, कोच, कमिटी, सगळे मोठे लोक त्यात होते. पण कागदावर अट बरोबर भरली की काम झालं असं जेव्हा होतं तेव्हा तो नियम ज्यासाठी केला होता ते बाजूलाच राहतं, हे मला त्या प्रकरणातून कळलं, आणि आमच्या घरात तेच उलट्या बाजूने घडलं.

आमच्या मुलाने पहिल्यांदा हर्ली हातात घेतली ती आठव्या वर्षी. आम्ही तेव्हा शहरातून एका खेडेगावात भाड्याच्या घरात आलो होतो. शेजारी एक म्हातारे शेतकरी, ते शेडमध्ये हर्ली बनवतात. त्यांनी याला कुंपणावरून बघितलं, काही न बोलता आत गेले आणि २८ इंची हर्ली घेऊन आले, टोकाला पत्र्याची पट्टी, बारीक खिळे ठोकलेले, मुठीला निळी ग्रिप गुंडाळलेली. म्हणाले भिंतीवर मार, रोज शंभर उजव्याने आणि शंभर डाव्याने. आमच्या मागच्या भिंतीचा रंग त्या एका उन्हाळ्यात निघाला. नवव्या वर्षापासून तो गावच्या क्लबात, पावसात, चिखलात, डिसेंबरच्या अंधारात लाइट लावून प्रॅक्टिस, मी गाडीत हीटर लावून बसायची. मला इंग्रजी गप्पा फार जमायच्या नाहीत तेव्हा, पण त्या साइडलाइनवर चहाचा फ्लास्क घेऊन उभं राहून राहून मला गावातल्या सगळ्या बायका ओळखायला लागल्या. आम्ही त्या गावचे झालो ते या खेळामुळे, हे मी शपथेवर सांगते.

मग घरमालकाने घर विकायला काढलं. इथे भाड्याच्या घरांची जी परिस्थिती आहे ती सांगायला दुसरं पत्र लागेल, चार महिने शोधून जे मिळालं ते सात किलोमीटरवर, आणि पॅरिश दुसरी. शाळा तीच ठेवली, क्लब तोच ठेवला, रोज ने-आण करत होतो. क्लबचं वर्षाचं रजिस्ट्रेशन ऑनलाइन असतं, मी त्यात प्रामाणिकपणे नवा पत्ता टाकला, नवा एअरकोड, म्हणजे इथला पिनकोड टाकला. पत्ता बदलला की परवानगीचा वेगळा कागद लागतो हे ना मला माहीत ना क्लबमधल्या कोणाच्या लक्षात आलं. अंडर १५ च्या स्पर्धेत आमची पोरं एक मॅच दोन पॉइंटने जिंकली, आणि समोरच्या क्लबने ऑब्जेक्शन घेतलं की यांचा एक खेळाडू बेकायदेशीर आहे, तो त्या पॅरिशचा नाही. बेकायदेशीर हा शब्द कागदावर होता, आणि पुढे माझ्या मुलाचं नाव.

कमिटीपुढे सुनावणी झाली. तिथली माणसं वाईट नव्हती, चहा विचारला, नीट बोलले, पण एकच प्रश्न तीनदा विचारला, की हा पत्ता तुमचाच ना. हो म्हटल्यावर विषय संपला. मॅच समोरच्यांना दिली. घरी येताना मुलगा गाडीत म्हणाला, आई, मी खेळलो नसतो तर आपण जिंकलो असतो. चौदा वर्षांच्या पोराच्या तोंडून हे ऐकणं काय असतं ते मी इथे लिहू शकत नाही. त्याच्या टीममधला एक पोरगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात किलोमीटर सायकल मारत आमच्या घरी आला, दोघं मागे भिंतीवर बॉल मारत बसले, एक शब्द बोलले नाहीत.

मला नियम मोडायचा नाहीये, हे मी त्या कमिटीलाही सांगितलं आणि इथेही सांगते. पॅरिश रूल नसता तर शहरातल्या मोठ्या क्लबांनी आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं कधीच उचलून नेली असती आणि जिथे आधीच १५ जण जमवताना नाकी नऊ येतात ते क्लब बंद पडले असते. नियम हवाच. माझं म्हणणं इतकंच आहे की पोरगं कुठलं हे ठरवताना ते कुठे शिकलं, कोणाबरोबर वाढलं हे आधी बघा, पत्ता नंतर. ज्यांचं स्वतःचं घर आहे, आजोबा-पणजोबांपासून शेत आहे, त्यांचा पत्ता बदलतच नाही, त्यांना हा नियम कधी टोचतच नाही. टोचतो तो भाडेकरूंना, आणि भाडेकरूंत आमच्यासारखे बाहेरून आलेले जास्त.

आणि बाहेरून आलेल्यांनी या खेळाला काय दिलंय ते बघा ना. शॉन ओग ओ हालपिन, आई फिजीच्या रोटुमा बेटावरची, वडील फरमॅना काउंटीचे जिथे हर्लिंग फारसं नाहीच, लहानपण सिडनीत गेलं, आणि १९८८ ला दहा-अकरा वर्षांचा असताना कॉर्कला आला. वडिलांच्या रक्तावर ठरवलं असतं तर फरमॅनाचा, जन्मावर ठरवलं असतं तर फिजीचा. तो कॉर्कच्या ना पिअरसिग क्लबात शिकला म्हणून कॉर्कचा झाला, २००५ ला कॅप्टन म्हणून कप उचलला आणि क्रोक पार्कवर अख्खं भाषण आयरिश भाषेत केलं. अजून एक झॅक मोरादी, कुर्दिश कुटुंबातला, जन्म इराकमधल्या रमादीच्या निर्वासित छावणीत, २००२ ला अकरा वर्षांचा असताना लिट्रिममध्ये आला, जी आयर्लंडमधली सगळ्यात कमी वस्तीची काउंटी. तिथे शाळेत हर्लिंग शिकला. पुढे घरचे डब्लिनला गेले, तो डब्लिनच्या क्लबकडून खेळायला लागला, पण काउंटी म्हटली की लिट्रिमच, आणि २०१९ ला लिट्रिमने लोरी मेहर कप, म्हणजे हर्लिंगमधल्या खालच्या गटातल्या काउंट्यांचा कप जिंकला तेव्हा तो क्रोक पार्कवर होता. घर डब्लिनला आणि निष्ठा लिट्रिमला, आणि नियमाने त्याला ती ठेवू दिली! वेक्सफर्डचा ली चिन, वडील मलेशियाचे, त्याच्याशिवाय आज वेक्सफर्डची टीम डोळ्यासमोर येत नाही. एवढंच कशाला, ज्यांच्या नावाचा तो मोठा ऑल-आयर्लंड कप आहे ते लिअम मॅकार्थी स्वतः लंडनमध्ये जन्मलेले. आणि आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर इथला पंतप्रधान झाला, त्याला इथे कोणी वराडचा म्हणत नाही, डब्लिनचाच म्हणतात, कारण तो तिथे जन्मला, वाढला.

नियम बदलता येत नाही असं काही नाही. जीएएने याच्याहून कडक नियम बदललेत. १९७१ पर्यंत सॉकर, रग्बी, क्रिकेट, हॉकी हे परदेशी खेळ खेळायलाच काय बघायलाही बंदी होती, १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एक सॉकर मॅच बघायला गेले म्हणून त्यांना संस्थेच्या आश्रयदातेपदावरून काढलं होतं. तीच संस्था, तिच्या मैदानांवर परदेशी खेळ होऊ न देण्याचा नियम होता, तो २००५ ला सैल केला आणि २००७ ला त्याच क्रोक पार्कवर आयर्लंड-इंग्लंड रग्बी मॅच झाली. खेळ काही बुडाला नाही. मग चार वर्षं एका क्लबात शिकलेल्या पोराचा पत्ता घरमालकामुळे बदलला तर त्याचा होम क्लब आपोआप तोच राहील, वेगळा कागद लागणार नाही, एवढी एक ओळ घालायला काय हरकत आहे.

आता हे सगळं मराठी पेपरला का लिहिते, तर आपल्याकडेही हेच आहे म्हणून. आमच्या सिंधुदुर्गात, रत्नागिरीत टेनिस बॉल क्रिकेटच्या 'एक गाव एक संघ' स्पर्धा होतात, बॅनरवरच लिहिलेलं असतं, आधार कार्ड सक्तीचं. कल्पना उत्तम, नाहीतर बक्षिसासाठी बाहेरचे खेळाडू आणून गावच्या पोरांना बाउंड्रीवर बसवतात, तेही मी बघितलंय. पण गेल्या मे मध्ये माहेरी होते तेव्हा आमच्या वाडीच्या टीममध्ये एक पोरगा खेळायला उभा होता, वडील नेपाळचे, हापूसच्या बागेत राखण करतात, पोरगा पहिलीपासून आमच्याच शाळेत, मालवणी आमच्या भाच्यापेक्षा चांगली बोलतो. टेबलावर आधार मागितलं, त्याच्याकडे नव्हतं. स्कोअर लिहायला बसवला त्याला. कोणी वाईट वागलं नाही, सगळे त्याला नावाने हाक मारत होते, आणि तरी तो खेळला नाही. मला त्या क्षणी माझा मुलगा दिसला. मुंबईत जन्मलेल्या, गावी फक्त मे महिन्यात येणाऱ्या पोरांना रेशन कार्डात नाव आहे म्हणून खेळवलं, आणि जो बारा महिने तिथे राहतो त्याला वही-पेन दिलं. आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे की आधारबरोबर गावच्या शाळेचा दाखला पण चालेल असं बॅनरवर लिहा.

इथल्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण आता डब्लिन, कॉर्क, लिमरिकला आपली बरीच पोरं हर्लिंगला जायला लागलीत. घर बदललं तर ऑनलाइन पत्ता बदलायच्या आधी क्लबच्या सेक्रेटरीला गाठा, पोराला ह्याच क्लबात ठेवायचं आहे हे लेखी द्या आणि परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय मॅचला उतरवू नका. आम्ही आता तो अर्ज केलाय, शाळेचं पत्र जोडलंय, त्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी स्वतःच्या अक्षरात अर्धं पान लिहून दिलंय की हा मुलगा आमचा आहे. निर्णय अजून आलेला नाही. तोपर्यंत मुलगा मंगळवार-गुरुवार प्रॅक्टिसला जातोय आणि मॅचच्या दिवशी सगळ्यांच्या हर्ली उचलून साइडलाइनवर उभा राहतो. त्याची स्वतःची आता ३४ इंची आहे, पट्टी मागच्या आठवड्यात सैल झाली होती, ती त्याच शेडमध्ये जाऊन ठोकून आणली.

आपली,
एक वाचक
मुन्स्टर, आयर्लंड (मूळ गाव कुडाळ, जि. सिंधुदुर्ग)